बारीक लाकूडकामाच्या करवती: कोणत्या कापाला कोणती, आणि ती रेघ का सोडते

करवत निवडताना सुरुवात नावापासून करू नये. लाकडाचे तंतू ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने कापायचंय की त्यांना आडवं, हे आधी पाहावं. मग काप किती खोल जाणार ते पाहावं. एवढं ठरलं की दाताचा आकार, दातांची संख्या, पात्याची उंची आणि जाडी ही सगळी आपोआप ठरत जातात. डव्हटेल सॉ, टेनन सॉ, दोझुकी ही नावं त्यानंतरची. हे दोन प्रश्न न विचारता घेतलेली महागडी करवतही पहिल्याच जोडात निराश करते. उलट साधी पण योग्य दातांची, धार असलेली करवत रेघेवरून स्वतःच चालते.

उभा काप आणि आडवा काप

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक लांब नळ्यांची मोळी. मोळीच्या लांबीच्या दिशेने कापताना नळ्यांची टोकं समोरून तासत जावं लागतं, आणि हे काम पटाशीचं आहे. म्हणून उभ्या कापाच्या, म्हणजे रिप करवतीचा प्रत्येक दात छोट्या पटाशीसारखा असतो. धार लावताना कानस पात्याला बरोबर ९० अंशांत चालवलेली असते आणि दाताच्या माथ्यावर सपाट आडवी धार असते. दाताचा पुढचा चेहरा जवळजवळ उभा असतो, फार तर ८ अंश मागे कललेला.

आडव्या कापात नळ्या मधूनच तोडायच्या असतात. तिथे पटाशीसारखा दात तंतू कापत नाही, उचकटतो. इथे सुरी लागते. म्हणून आडव्या कापाच्या, म्हणजे क्रॉसकट करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे टोकदार केलेले असतात. एक दात चिरेची डावी कड कापतो, पुढचा उजवी, आणि मधला भाग भुसा होऊन पडतो. त्यासाठी कानस पात्याशी काटकोनात न धरता १५ ते २५ अंश तिरपी धरतात. या तिरपेपणाला फ्लीम म्हणतात. दाताचा चेहराही जास्त मागे झुकलेला असतो, साधारण १२ ते १५ अंश.

दात चुकीचा असला की लाकूड लगेच सांगतं. रिप दातांनी आडवा काप घेतला तर मागच्या बाजूची कड फाटते आणि कापलेला चेहरा केसाळ दिसतो. क्रॉसकट दातांनी उभा काप घेतला तर काप होतो, पण फार हळू. भुसा पिठासारखा बारीक निघतो, दातांमधल्या खोबणीत दाबला जातो आणि करवत रेघ सोडायला लागते. रिप करवत तंतूंच्या दिशेने नीट चालत असेल तर भुसा दाणेदार, थोडा धाग्यासारखा पडतो. म्हणून भुशाकडे लक्ष ठेवावं.

दात फार बारीक झाले की हा फरक बोथट होतो. १५ पीपीआयच्या (एका इंचात दातांची १५ टोकं) पुढे रिप दातांची करवत लहान आडवे कापही स्वच्छ घेते, कारण प्रत्येक दात इतकं थोडं लाकूड काढतो की उचकटायला फारसं काही उरत नाही. म्हणून पहिली बारीक करवत घेताना रिप की क्रॉसकट असा पेच पडला, तर आमचं उत्तर रिप असं आहे.

दात मोजायचे कसे

दोन मापं वापरात आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पीपीआय म्हणजे एका इंचात मावणारी दातांची टोकं, दोन्ही कडांची टोकं धरून. टीपीआय म्हणजे एका इंचातले पूर्ण दात. त्यामुळे पीपीआय नेहमी एकने जास्त असतो आणि १५ पीपीआयची करवत म्हणजे १४ टीपीआयची. मोजताना पट्टीचा शून्य एका टोकावर ठेवा, ते टोक एक धरा आणि इंचापर्यंत मोजत जा.

१५ पीपीआयला दोन टोकांत सुमारे १.८ मिमी अंतर असतं, १० पीपीआयला सुमारे २.८ मिमी. कागदावर हा फरक लहान वाटतो. पण दाताचा आकार तोच ठेवला तर दातांमधल्या खोबणीचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १० पीपीआयची खोबण जवळपास अडीचपट मोठी. टेनन म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ, आणि तिची रुंद सपाट बाजू म्हणजे गाल. ७० मिमी रुंद टेननच्या गालावर १५ पीपीआयचे ३८-३९ दात एकाच वेळी लाकडात असतात. त्यांच्या चिमुकल्या खोबणी अर्ध्या फेरीतच भुशाने भरतात, आणि मग करवत लाकडावर न चालता स्वतःच्या भुशावर घसरते. माणूस दाब वाढवतो, पातं वाकतं, काप तिरका होतो. याच कापात १० पीपीआयचे २५ दात असतात आणि भुशाला जागा असते.

उलट टोकाला, ६ मिमीच्या पातळ फळीवर १० पीपीआयची करवत चालवली तर एका वेळी दोनच दात लाकडात असतात. ते अडकतात आणि कड तुटते. ढोबळ नियम असा: एका वेळी किमान ६ ते ८ दात लाकडात असावेत, आणि खोल कापाला जितके भरड दात हाताला पेलतील तितके घ्यावेत. नवशिके नेहमी बारीक दातांकडे झुकतात, कारण बारीक म्हणजे सफाईदार असं वाटतं. खोल कापात बारीक दात सफाई देत नाहीत, फक्त वेळ घेतात आणि रेघ सोडतात.

पाठीच्या करवती

जोडकामाचा खरा भार या करवती उचलतात. पातं पातळ असतं आणि त्याच्या वरच्या कडेवर पितळेची किंवा पोलादाची जड पट्टी बसवलेली असते, ती पाठ. पाठ पात्याला ताठ ठेवते आणि तिचं वजन काप घेतं. हाताने दाब द्यायची गरज राहत नाही. पाठीमुळे कापाची खोली मात्र मर्यादित होते. पाठ लाकडाला टेकली की काप संपला.

डव्हटेल सॉ: २०० ते २५० मिमी लांब, पाठीखाली ४० ते ४५ मिमी पातं, दात १५ ते २० पीपीआय, रिप. रिप का? डव्हटेलचे, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या तिरप्या खाचांच्या जोडाचे, काप तंतूंच्या दिशेनेच खाली उतरतात, थोडे तिरपे असले तरी. पात्याची जाडी ०.४ ते ०.५ मिमी. २० मिमी जाडीच्या फळीत १५ पीपीआयचे ११ दात बसतात, म्हणजे अगदी योग्य. कठीण, दाट लाकडात १२ मिमीपेक्षा पातळ ड्रॉवरच्या बाजू कापत असाल तर १८-२० पीपीआय घ्यावी. बाकी सगळ्याला १५ पुरते.

जेंट्स सॉ हीच करवत, फक्त मूठ सरळ, खरादावर केलेली. सरळ मुठीत मनगटाला कोन कळत नाही. पिस्तुलाच्या किंवा बंद मुठीत तर्जनी आपोआप पात्याच्या दिशेने लांब होते आणि हात कुठे चाललाय ते मेंदूला समजतं. जेंट्स सॉ स्वस्त असते म्हणून पहिली घेतली जाते, आणि करवतीवरचा विश्वास तिथेच उडतो. शक्य असेल तर ती टाळा.

कारकस सॉ: २७५ ते ३०० मिमी, १२ ते १४ पीपीआय, क्रॉसकट. टेननचे खांदे (टेननच्या मुळाशी असलेल्या आडव्या कडा), बारीक पट्ट्या आडव्या कापून हव्या त्या लांबीच्या करणं, बेंच हुकवरची (लाकूड टेकवून धरायच्या फळीवरची) सगळी कामं. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हातात येते ती हीच, आणि खरेदीच्या यादीत सगळ्यात मागे राहते तीही हीच.

टेनन सॉ: ३५० ते ४०० मिमी, पाठीखाली ७५ ते १०० मिमी पातं, १० ते १२ पीपीआय, रिप. टेननचे गाल कापायला. आकार पाहून भीती वाटते, पण लांब पात्याचा फायदा असा की एका फेरीत जास्त काम होतं आणि फेऱ्या कमी म्हणजे हात हलण्याच्या संधीही कमी. बाजारात टेनन सॉ या नावाने क्रॉसकट दातांच्या २५० मिमीच्या करवती सर्रास मिळतात. त्यांनी खांदे कापता येतात, गाल नाही. म्हणून लेबल बाजूला ठेवा आणि दात बघा.

पाठ नसलेल्या मोठ्या करवती, म्हणजे ५०० ते ६५० मिमीच्या पॅनेल सॉ आणि हँडसॉ, फळ्या मापाला आणण्यासाठी असतात. रिपमध्ये ५ ते ७ पीपीआय, क्रॉसकटमध्ये ८ ते १० पीपीआय असली की फर्निचरच्या कामाला पुरे.

ओढायच्या करवती

जपानी करवती ओढताना कापतात. यामागचं यंत्रशास्त्र सोपं आहे. पट्टी ढकलली की वाकते, ओढली की ताठ होते. म्हणून ओढणाऱ्या करवतीचं पातं बरंच पातळ ठेवता येतं. दोझुकीचं पातं ०.३ मिमीच्या आसपास असतं, आणि पातळ पातं म्हणजे कमी लाकूड काढायचं, कमी ताकद.

दोझुकी ही पाठीची जपानी करवत. बहुतेक दोझुकी क्रॉसकट असतात, दात फार बारीक. खांद्यांसाठी तिच्यासारखी सफाई मिळत नाही. पण तीच करवत डव्हटेलच्या उभ्या कापाला लावली तर दाट लाकडात ती कूर्मगतीने चालते, आणि तिचे उंच, निमुळते दात तुटतात. डव्हटेलला रिप दातांची दोझुकी वेगळी मिळते, ती घ्यावी.

रयोबाला दोन धारा असतात, एकीकडे रिप आणि दुसरीकडे क्रॉसकट. पाठ नसल्याने खोलीला मर्यादा नाही. २४० मिमीची रयोबा ही एकच करवत घेऊन सुरुवात करायची झाली तर सगळ्यात समजूतदार निवड. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काप खोल गेला की वरची धार कापाच्या भिंतीला ओरखडे पाडते, म्हणून पातं कमी कोनात ठेवायचं. आणि परत नेताना ढकलायचं नाही, फक्त सरकवायचं. जोर लावून ढकललेलं पातं एकदा मुडपलं की पुन्हा सरळ होत नाही.

काटाबाला एकच धार असते आणि पाठ नसते. रुंद फळीतून आरपार जायचं असेल तर रयोबापेक्षा ती बरी, कारण वरच्या धारेचा प्रश्नच येत नाही.

आजच्या बहुतेक जपानी पात्यांच्या दातांची टोकं उष्णतेने खास कडक केलेली असतात. टोकाशी निळसर-काळपट पट्टा दिसतो तो त्याचाच. असे दात जास्त काळ टिकतात, पण कानस त्यांच्यावर चालत नाही. धार गेली की पातं बदलायचं. पाश्चात्त्य करवतींवरही असा काळपट पट्टा दिसला तर तीही पुन्हा धार न लागणारी समजा. ढकलायची की ओढायची हा वाद आम्हाला निरर्थक वाटतो. स्वतः धार लावायची इच्छा असेल तर ढकलायची साधी कार्बन पोलादाची करवत घ्या, नसेल तर ओढायची.

वळणाच्या आणि खास कामाच्या

कोपिंग सॉचं पातं सुमारे १६५ मिमी, दोन्ही टोकांना आडवी पिन, दात साधारण १५ टीपीआय. फ्रेट सॉचं पातं १३० मिमीच्या आसपास, पिन नसलेलं, कितीतरी बारीक. डव्हटेलमधलं टाकाऊ लाकूड काढताना दोघांमधला फरक कळतो. डव्हटेल सॉने पाडलेली चीर ०.६ मिमीच्या आसपास असते. कोपिंग सॉचं पातं त्यात बहुतेक वेळा उतरत नाही. ते जबरदस्तीने घुसवलं तर सॉने केलेली स्वच्छ भिंतच खराब होते. म्हणून कोपिंग सॉने टाकाऊ भागाच्या मधूनच काप सुरू करावा आणि वळत कोपऱ्याकडे यावं. फ्रेट सॉचं पातं चिरेत सरळ खाली उतरतं आणि तळाशी जागेवरच वळतं. तळाच्या रेघेच्या १ मिमी वर राहून आडवं गेलं की पटाशीला फारच थोडं काम उरतं. पातं ताणून धरणारी फ्रेम लाकडाच्या टोकाला अडत असेल तर पात्याची दोन्ही टोकं पक्कडीने ४५ अंशांपर्यंत पीळ देऊन वळवा, म्हणजे फ्रेम बाजूला जाते.

दोन्हींमध्ये दात मुठीकडे तोंड करून बसवावेत, म्हणजे ओढताना कापलं जातं आणि पातं ताणलेलं राहतं. ताण कमी असेल तर पातं मधे फुगतं आणि वरून सरळ दिसणारा काप खालून तिरका निघतो. बोटाने छेडल्यावर पात्यातून स्पष्ट टणत्कार यायला हवा.

फ्लश सॉ खुंट्या किंवा बाहेर आलेली टोकं पृष्ठभागाच्या पातळीत कापायला असते. तिच्या दातांना सेट नसतो, म्हणजे दात बाजूंना वाकवलेले नसतात, म्हणून खालच्या लाकडावर ओरखडा पडत नाही. नवी करवत घेतल्यावर आधी रद्दी लाकडावर सपाट घासून बघा. ओरखडा दिसला तर दातांना थोडा सेट आहे. सेट न दिलेल्या दातांनी खोल काप करायला जाऊ नका, ती अडकणारच.

रेघ आणि पहिला दात

चांगल्या कापाची तयारी करवतीच्या आधी होते. जिथे सफाई महत्त्वाची आहे, उदाहरणार्थ टेननचा खांदा, तिथे पेन्सिल पुरत नाही. आखणीच्या सुरीने गुण्याला लागून तंतू कापून घ्या, चारही बाजूंनी. मग टाकाऊ बाजूने पटाशी तिरपी धरून सुरीच्या रेघेपर्यंत बारीकशी चीप काढा. आता एका बाजूला उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार अशी छोटी खाच तयार झाली. करवत त्यात ठेवली की ती भिंतीला टेकून बसते, बाजूला सरकत नाही, आणि खांद्याची कड फाटत नाही.

सुरुवात अशी करा. करवत हलक्या हाताने धरा. अंगठा आणि दोन बोटं मुठीला पुरतात, तर्जनी पात्याच्या दिशेने लांब. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख किंवा बोटाचं पेर पात्याच्या बाजूला, दातांच्या वर टेकवा. करवतीचं वजन उचलून धरा, जणू ती लाकडाला जेमतेम शिवते आहे. ढकलायच्या करवतीने लांब, हलका एक फेरा पुढे ढकला. सुरुवातीला वजन पूर्ण टाकलं की रिप दात लाकडात घुसतो, करवत अडखळते, उडते आणि कडेवर दुसरी खूण करून जाते. जपानी करवत मुठीकडच्या दातांपासून सुरू करून हलकी ओढा.

आखलेल्या रेघेवर करवत नेमकी चालवायची नाही. चीर टाकाऊ बाजूला पडायला हवी, रेघेची अर्धी जाडी लाकडावर शिल्लक राहिली पाहिजे. दोन-तीन मिमी खोल गेल्यावर बोट काढा, वजन सोडा आणि पात्याची पूर्ण लांबी वापरा. लहान, घाईच्या फेऱ्यांनी मधलेच दात झिजतात.

पात्याकडे बघत राहा. चकचकीत पात्यात लाकडाचं प्रतिबिंब दिसतं. पातं लाकडाला काटकोनात असेल तर लाकूड आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत जोडलेलं दिसतं. प्रतिबिंब मोडलेलं दिसलं की करवत झुकली. ही खूण गुण्यापेक्षा जलद कळते. म्हणून पात्यावर गंज किंवा खरखरीत ओरखडे ठेवू नयेत.

टेननचा गाल कापताना लाकूड व्हाइसमध्ये तुमच्यापासून दूर झुकवून धरा. वरच्या टोकावरून आणि तुमच्याकडच्या कडेवरून एकाच वेळी रेघ दिसेल. जवळच्या कोपऱ्यापासून सुरू करून तिरका काप खांद्याच्या रेघेपर्यंत आणा. लाकूड फिरवा आणि दुसऱ्या कडेवरून तसाच तिरका काप घ्या. आता दोन्ही बाजूंना खाच तयार आहे. लाकूड उभं धरून मधला उरलेला त्रिकोण सपाट कापा. करवत आधीच्या दोन चिरांत आपोआप राहते. गाल आधी, खांदे नंतर. खांदे आधी कापले आणि करवत जरा खोल गेली तर टेननच्या मुळाशीच चीर पडते आणि जोड तिथेच कमकुवत होतो.

करवत रेघ का सोडते

पहिलं कारण माणूस. काप तिरका जातोय हे लक्षात आल्यावर पातं पिळून परत आणण्याचा प्रयत्न करू नका. पाठीची करवत चिरेत वळत नाही, फक्त वाकते, आणि चिरेत एक कुबड राहतं. तिरकं जायला लागलं की थांबा, करवत काढा, उलट्या बाजूने नवा काप सुरू करा.

दुसरं कारण सेट. दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं मोकळं चालतं. एका बाजूचा सेट जास्त असेल, किंवा एका बाजूचे दात जास्त धारदार असतील, तर करवत नेहमी त्याच बाजूला ओढते. तपासायला रद्दी फळीवर सरळ रेघ मारा आणि हलक्या हाताने काप घ्या. मग फळी उलटून तसाच काप घ्या. दोन्ही वेळा पात्याच्या त्याच बाजूला ओढलं तर दोष करवतीचा. उपाय: करवत सपाट ठेवून ओढणाऱ्या बाजूच्या दातांवरून बारीक तेलाचा दगड एकदाच, न दाबता, टोकापासून मुठीपर्यंत फिरवा. पुन्हा काप घेऊन बघा. लागलं तर आणखी एकदा. दोन-तीन वेळांपेक्षा जास्त लागत असेल तर सेट पुन्हा करायलाच हवा.

करवत चिरेत अडकत असेल तर सेट कमी आहे, किंवा लाकूड ओलं आहे, किंवा लाकडातला ताण मोकळा होऊन चीर मिटते आहे. कोरड्या दाट लाकडाला फार थोडा सेट पुरतो. ०.५ मिमीच्या पात्याला प्रत्येक बाजूला ०.०५ ते ०.०८ मिमी, म्हणजे चीर ०.६ ते ०.६६ मिमीची. ओल्या, मऊ लाकडाला जास्त. सेट वाढवण्याआधी पात्यावर मेण घासून बघा, अर्ध्या वेळा तेवढ्याने काम भागतं. जास्त सेट हाही दोषच आहे. चीर रुंद झाली की पातं तिच्यात इकडे-तिकडे डुलतं आणि सफाई जाते. कारखान्यातून आलेल्या पुष्कळ करवतींना गरजेपेक्षा जास्त सेट असतो.

तिसरं कारण दातांची रेघ. करवत उलटी धरून दातांच्या बाजूने डोळा लावा. पातं नागमोडी दिसलं आणि करवतीला दुमडलेल्या पट्टीची पाठ असेल, तर बहुधा पात्यावरून पाठ एका टोकाला सरकली आहे. पाठ लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून पात्यावर पुन्हा सारखी बसवली की पातं बहुतेक वेळा सरळ होतं. घडी पडलेलं पातं याने सुधारत नाही.

आडव्या कापात मागची कड फाटते तेव्हा सुरीची रेघ चारही बाजूंनी गेलेली नसते, किंवा मागे टेकू नसतो. लाकूड बेंच हुकवर मागच्या भिंतीला घट्ट टेकवा. भिंत झिजलेली असेल तर मधे एक रद्दी पट्टी ठेवा.

रिप दातांना धार

बारीक रिप करवत धार लावायला सगळ्यात सोपी, कारण कोन एकच, ९० अंश.

करवत दोन सरळ फळ्यांमध्ये, दात ३ ते ५ मिमी वर ठेवून व्हाइसमध्ये आवळा. दात जास्त वर राहिले तर पातं थरथरतं, कानस किंचाळते आणि दात विस्कटतात. मग सपाट कानस दातांच्या माथ्यावरून लांबीच्या दिशेने, पूर्ण सपाट धरून, एक-दोनदा फिरवा. प्रत्येक दाताच्या टोकावर चमकणारा ठिपका दिसला पाहिजे. ज्या दातावर ठिपका नाही तो बुटका आहे आणि कापतच नाही. सगळे ठिपके येईपर्यंत थांबू नका.

आता त्रिकोणी कानस. तिचे कोन ६० अंशांचे असतात, आणि दातांमधली खोबणही ६० अंशांची असते, ती याच कानशीमुळे. कानशीचा एक चेहरा दाताच्या खोलीच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त रुंद असावा, म्हणजे तिन्ही कडा वापरता येतात. १५ पीपीआयला ४ इंची, अतिबारीक प्रतीची कानस लागते. दातांवर मार्करची शाई फासा, म्हणजे कानस कुठे लागली ते दिसतं. कानस खोबणीत बसवा, पात्याशी काटकोनात, आडवी, आणि फक्त पुढे ढकलताना दाब द्या. मुठीकडून सुरुवात करून प्रत्येक खोबणीत सारख्याच फेऱ्या, बहुधा एक किंवा दोन. प्रत्येक फेरीत पुढच्या दाताची पाठ आणि मागच्या दाताचा चेहरा दोन्ही घासले जातात, म्हणून चमकता ठिपका अर्धा या खोबणीतून आणि अर्धा पुढच्या खोबणीतून जातो. ठिपका जेमतेम नाहीसा झाला की थांबा. त्यानंतरची एक जादा फेरी तो दात बुटका करते.

करवत सुरुवातीला फार अडखळत असेल तर टोकाकडच्या पहिल्या २५ मिमीमधले दात थोडे जास्त मागे कललेले ठेवा, उरलेले उभे. सुरुवात गुळगुळीत होते आणि वेगही जात नाही.

सेट दर वेळी करायचा नसतो. चार-पाच धारांनंतर, करवत अडकायला लागली की करावा, दात फाकवायच्या पक्कडीने. दाताचा वरचा अर्धाच भाग वाकला पाहिजे. मुळापासून वाकवलेला दात तुटतो, आणि दात तुटणं बहुधा इथेच होतं. सेटनंतर दोन्ही बाजूंनी तेलाच्या दगडाचा एकेक हलका फेरा.

धार कधी लावायची? दातांची रेघ उजेडात धरा. धारदार टोक प्रकाश परतवत नाही. टोकांवर पांढरे ठिपके चमकत असतील तर ती बोथट झाली आहेत. याहून पक्की कसोटी फेऱ्या मोजण्याची. धार लावल्यावर त्याच दिवशी, नेहमी वापरता त्या लाकडाच्या २० मिमी जाडीच्या फळीत २० मिमी खोल उभा काप घ्या आणि किती फेऱ्या लागल्या ते करवतीच्या खोळीवर लिहून ठेवा. तेवढ्याच कापाला दीडपट फेऱ्या लागायला लागल्या की त्रिकोणी कानस बाहेर काढा.